नाव सांगायला लागलेला वेळ

गेल्या आठवड्यात सोयाबीनची पानं गळायला लागली. आमच्या भागात हे एका रात्रीत घडल्यासारखं वाटतं. कालपर्यंत पिवळं दिसणारं शिवार सकाळी बघावं तर नुसत्या काड्यांचं झालेलं असतं, आणि त्या काड्यांना लगडलेल्या तपकिरी, लवदार शेंगा वाऱ्याबरोबर खुळखुळत असतात. मग दोन-चार दिवसांत सोंगणीची माणसं रस्त्यानं जाताना दिसू लागतात. बायकांच्या डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात विळा. शेंगांची लव अंगाला खाजते, म्हणून हा शर्ट. मी पाळकघराच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन उभी असते. त्या विळ्यासकट हात उंचावून मला सलाम करतात आणि पुढं जातात.

सगळं ओळखीचं आहे आता. या हंगामाचा हा सातवा फेरा. तरी शेंगा वाजायला लागल्या की मला पहिला हंगाम आठवतोच. सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत मी इथं आले होते, आणि मला फक्त एकच काम करायचं होतं. रविवारी सकाळी इथल्या ख्रिस्ती मंडळीपुढं, त्यांची नवी पाळक म्हणून उभं राहून, माझं नाव सांगायचं होतं.

माझं नाव करुणा. लिहायला किती सोपं. कागदावर ते मी डोळे मिटूनही लिहीन. बोलायचं म्हटलं की पहिल्याच अक्षराला गळ्यात कोणीतरी आतून कडी लावतं. मी लहानपणापासून तोतरी. बाकीच्या शब्दांचं एक बरं असतं, त्यांना वळसा घालता येतो. दुकानात केळी मागता येत नाहीत तर पेरू मागायचे, आणि घरी सांगायचं की मला पेरूच आवडतात. ‘कधी येणार?’ विचारता येत नाही तर ‘येणार ना उद्या?’ असं विचारायचं. अशी वळणावळणानं मी अख्खी मराठी बोलत आले. लोकांना वाटायचं पोरगी विचार करून बोलते. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो.

आम्ही जालन्याचे. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आई जिभेवर वेखंड उगाळून लावायची. तो कडवट, झणझणीत वास अजूनही कुठं आला की माझी जीभ आपोआप मागं सरते. वडिलांचं औषध वेगळं होतं. मी अडले की ते माझं वाक्य पुरं करायचे. इतक्या पटकन, इतक्या प्रेमानं, की समोरच्याला कळूही नये. पाहुण्यांनी नाव विचारलं की माझ्या आधी तेच सांगून टाकत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवत. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास असायचा. त्या हाताखाली मला सुरक्षित वाटायचं, आणि मी तिथं नाहीच असंही वाटायचं. दोन्ही एकदमच.

मग तू पाळक कशी झालीस, असं मला पुष्कळांनी विचारलंय. धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात मुलाखत घेणाऱ्यांनीही विचारलं होतं. त्यातल्या एका वयस्कर गुरुजींनी माझ्या वतीनं बायबलमधल्या मोशेची आठवण काढली, त्याचीही जीभ जड होती म्हणाले, आणि मला प्रवेश मिळाला. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी जालन्याच्या देवळात सगळी मंडळी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची, तेव्हा माझा आवाज अडत नसे. शंभर जणांच्या आवाजात माझाही आवाज सुरुवातीपासून आमेनपर्यंत सरळ वाहत जायचा. गाण्यातही अडत नाही, पण गाणं म्हणजे गाणं. प्रार्थनेत मी बोलत असायचे. आठवड्यातून एकदा, रविवारी, मी इतरांसारखी बोलायचे. ज्या जागी असं होतं ती जागा सोडून दुसरीकडं जावं असं मला कधी वाटलंच नाही.

तर दीक्षा झाली, चार वर्षं दुसऱ्या पाळकांच्या हाताखाली काम झालं, आणि एका वार्षिक सभेत माझ्या नावापुढं वाशिम जिल्ह्यातल्या या गावाची नेमणूक वाचली गेली. किन्हीराजाच्या अलीकडचं छोटं गाव, चाळीसेक घरांची मेथॉडिस्ट मंडळी. आधीचे पाळक निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं जागा रिकामी. तिथं एकटीनं जायचं होतं.

शुक्रवारी दुपारी पूर्णेहून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी बसले होते. वाशिमला एक पन्नाशीच्या पुढची बाई चढली आणि माझ्यासमोर ऐसपैस बसली. नवा चष्मा करून आणला होता तिनं. तो ती सारखी काढायची, पदरानं पुसायची, परत लावून खिडकीबाहेरची झाडं बघायची. मग पिशवीतून सीताफळं काढली, एक फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, “कुठं चाल्ली बाई?”

जऊळक्याला उतरणार, मी सांगितलं. पाहुणी आहे.

“नाव काय तुयं?”

मी दिवसभराची थकलेली होते. तोंडात सीताफळाचा गर होता. माझ्या तोंडून निघालं, “सुनीता.”

हे पहिल्यांदा नव्हतं. एसटीत, दवाखान्यातल्या रांगेत, परत कधी न भेटणाऱ्या माणसांपुढं मी कितीदा तरी सुनीता झाले होते. ‘स’ माझ्याशी चांगला वागतो. कोणाचं त्यात नुकसान नाही, असं मी स्वतःला समजावत आले होते.

सीताफळाच्या बिया खिडकीबाहेर टाकत ती बाई आपलं सांगू लागली. अंगणवाडीत मदतनीस होती. नाव मार्था. आमच्या गावात आमची मंडळी हाय, ती म्हणाली, आणि मी चावायची थांबले. दोन वर्षं झाली पाद्री नाही. आता नवीन येऊन राह्यली, बाई हाय म्हणते. मास्तरनं अधीक्षक साहेबाले चिठ्ठी लिहिली होती का माणूस पाठवा, पन त्याहीनं बाईच पाठवली. हे सांगून ती माझ्याकडं बघत म्हणाली, “बाई असो का माणूस असो, आमाले काय. आमच्या मयतीले कोनी पायजे, पोराच्या बाप्तिस्म्याले कोनी पायजे.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. गाडी अजून पंधरा मिनिटं चालणार होती. बाई, ती मीच, असं एवढंच म्हणायचं होतं, त्यात ‘क’ नव्हता. पण खोट्या नावावर खरी ओळख कशी ठेवायची ते मला सुचेना. जऊळका आलं. मी मुद्दाम मागं रेंगाळले, बूट नीट करत बसले, मार्थाबाईंची जीप गेल्यावर दुसऱ्या जीपमध्ये बसले.

गावच्या स्टँडवर मास्तर घ्यायला आले होते. याकोब मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, उंच, पांढरा शर्ट, खिशाला पेन. दोन वर्षं रविवारची उपासना त्यांनीच चालवली होती. त्यांनी माझी बॅग घेतली, पाळकघराचं कुलूप उघडून दिलं, नळाला पाणी कोणत्या वारी येतं ते सांगितलं आणि गेले. मी सगळ्याला हो, बरं, चालेल एवढंच म्हटलं. तेवढं मला येतं.

रविवारी सकाळी देऊळ अर्धं रिकामं होतं. पावसाचं वातावरण झालं होतं आणि सोंगलेलं सोयाबीन शेतात पडलेलं, म्हणून पुष्कळ लोक त्याची सुडी, म्हणजे गंजी, रचायला गेले होते. पंचवीस-तीस माणसं असतील. टिनाचं छप्पर, निळ्या रंगाच्या भिंती, डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष. मास्तरांनी नेमणुकीचं पत्र वाचलं. त्यांचा आवाज फार सुंदर होता. प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. माझं नाव त्या आवाजात ऐकताना मला क्षणभर तेच माझ्यापेक्षा जास्त करुणा आहेत असं वाटलं.

आणि बायकांच्या बाजूनं, तिसऱ्या बाकावरून, नवा चष्मा सावरत मार्थाबाई म्हणाल्या, “मास्तर, हे तं सुनीता हाय.”

सगळ्या माना तिकडं वळल्या आणि मग माझ्याकडं. मास्तरांनी पत्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

मी उठून उभी राहिले. घरून लिहून आणलेला दीड पानाचा परिचय हातात होता. जन्म, शिक्षण, दीक्षा, प्रभूनं केलेली कृपा. त्यात सोप्या अक्षरांची वाक्यं मी निवडून निवडून बसवली होती. तो कागद मी घडी करून बायबलमध्ये ठेवला. माझं नाव, असं म्हटलं आणि दार लागलं.

हे बाहेरून कसं दिसतं ते मला माहीत आहे. मान एका बाजूला ओढली जाते, डोळे मिटतात, ओठ उघडे आणि आवाज नाही. एका लहान पोरीला हसू फुटलं, तिच्या आईनं तिचा हात दाबला. मास्तर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी दोनदा माझं नाव पुटपुटलं, मला आधार म्हणून. ते ऐकून ती कडी आणखी घट्ट झाली. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी नाव आलं, तुटत-फुटत. आणि एकदा आलं तसं मी पुढचंही बोलले. परवा गाडीत मी मार्थाबाईंना खोटं नाव सांगितलं. कारण माझं खरं नाव मला म्हणता येत नाही. त्यांनी माझ्या हातावर सीताफळ ठेवलं आणि मी त्यांना फसवलं. मी तुमची नवी पाळक आहे, आणि मी अशीच बोलते.

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल याची कल्पना वाचताना येणार नाही. वाचणाऱ्याला वाक्य एका दमात मिळतं.

उपासनेनंतर दारात सगळ्यांशी हात मिळवायची आपली रीत. काही जण बाजूच्या दारानं निघून गेले. मार्थाबाई सगळ्यात शेवटी आल्या. मला वाटलं, आता त्या बोलणार. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, चष्म्यातून मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, “नाव खोटं सांगतलं. पन सीताफळ तं खरंच खाल्लं ना मायं?”

मी मान हलवली.

“मंग झालं,” त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

सगळ्यांचं असं झालं नाही. सोमवारी मास्तर पाळकघरी आले. बराच वेळ ओट्यावर पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, आणि मग पेन काढून परत खिशाला लावत त्यांनी सुचवलं की उपदेश मी लिहून द्यावा आणि तो ते वाचतील. मंडळीला सवय आहे त्यांच्या आवाजाची. मलाही त्रास नको. प्रभुभोजन वगैरे अर्थातच मीच द्यायचं, ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही. त्यांच्या मनात कपट नव्हतं. वर्गात एखादं मूल अडलं तर मास्तर जसा त्याला बसवून दुसऱ्याला उठवतो, तसं ते होतं. माझा अपमान झाला असं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण मनातून मला हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मला जास्त लाज वाटली.

चार रविवार असे गेले. शनिवारी संध्याकाळी मास्तर कागद घेऊन जायचे. रविवारी मी वेदीजवळच्या खुर्चीत बसून माझीच वाक्यं त्यांच्या स्वच्छ आवाजात ऐकायचे. लोक माना डोलावायचे. नंतर येऊन मास्तरांना म्हणायचे, आज चांगलं झालं. वडिलांचा ग्रीसचा वास मला त्या खुर्चीत बसूनही यायचा.

त्या दिवसांत घरभेटींना जावं तर घरात कोणी सापडत नसे. गाव सगळं शेतात. दुपारी गल्ल्यांतून कोंबड्या आणि म्हातारी माणसं. मास्तरांच्या घरी मात्र एक माणूस कायम असायचं. त्यांच्या पत्नी, सुमनबाई. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा मारून गेला होता. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं, शब्द मात्र जागेवर सापडत नसत. मार्थाबाई सांगत की आधी गावात सुमनबाईंच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. बायकांची सभा त्या चालवायच्या, शेजारणींची भांडणं त्या सोडवायच्या, आणि मास्तर घरात आले की शाळा सुटायची, म्हणजे मास्तर गप्प व्हायचे.

मास्तर त्यांचं सगळं करत. आंघोळ, वेणी, जेवण. स्वतःच्या हातानं, कोणाला लावू देत नसत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सुमनबाईंनी माझ्याकडं बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले. लगेच मास्तरांनी विचारलं, “पानी? कूस बदलू? पंखा?” तिसऱ्या प्रश्नाला सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले.

ते डोळे मिटणं मी ओळखलं. लोकांना वाटतं माणूस दमलं. माणूस दमलेलं नसतं, सोडून देत असतं.

मास्तर दुपारी शेताकडं जात, तेवढ्या वेळात मी सुमनबाईंजवळ बसू लागले. काही करायचं नव्हतं. एखादं स्तोत्र दोघी मिळून म्हणायचो. मी शब्द म्हणायचे, त्या सुरात सूर मिसळायच्या, आणि माझं अडणं त्यांच्या आवाजात बुडून जायचं. बाकीचा वेळ नुसतं बसायचं. एका दुपारी त्या माझ्याकडं वळल्या आणि त्यांच्या तोंडून “च” आला. “च... च...” मला शब्द कळला होता. माझ्या ओठांवर आला होता. शेजारी टेबलावर झाकलेला कप होता, सकाळचा, अर्धा राहिलेला. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ओठ मिटून बसले. आयुष्यभर मला कोणी देऊ नये असं वाटलेली गोष्ट कोणाला न देणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. वडिलांना काय वाटत असेल तेही कळलं. समोर कोणी बुडतंय आणि आपण काठावर बसून राहायचं.

भिंतीवर पाल सरकत छतापर्यंत गेली. कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या आणि संपल्या.

“चहा,” सुमनबाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, कपाळावर घाम आलेला असताना, “नको.”

मी संध्याकाळपर्यंत थांबले. मास्तर आले, हातपाय धुतले, सवयीनं चहा टाकला, आणि बशीत ओतून सुमनबाईंच्या ओठांशी नेला. मी त्यांना म्हटलं, मास्तर, जरा थांबा. एवढंच. ते बशी हातात धरून उभे राहिले. मी सुमनबाईंकडं बघत होते. यावेळी कमी वेळ लागला.

“चहा नको.”

मास्तरांनी बशी मागं घेतली. दीड वर्षं ते रोज सकाळ-संध्याकाळ हा चहा करत होते, भरपूर साखरेचा, दुधाचा, कारण लग्नापासून स्वतः मास्तरांना तो तसा आवडायचा, आणि सगळ्या गावाला बोलणाऱ्या सुमनबाई चहाबद्दल मात्र कधी काही म्हणाल्या नव्हत्या. “काहून नाही सांगतलं तू?” त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर त्यांना ते ऐकू आलं. ते दाराकडं तोंड करून उभे राहिले आणि तो चहा स्वतःच पिऊन टाकला, एका घोटात.

मग दोघंही बसू लागलो. चार वाजता मास्तर शेतातून लवकर येत आणि खुर्ची ओढून पलंगाजवळ बसत. त्यांना ते फार जड जायचं. शब्द देण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला शब्दाची वाट बघणं सोपं नसतं. कितीदा तरी ते तोंड उघडत आणि माझ्याकडं बघून मिटत. दोन दिवसांनी सुमनबाईंचा पुढचा शब्द आला. “वावर.” शेत. दीड वर्षं त्यांनी शेत बघितलं नव्हतं.

शेजारच्या रिक्षावाल्याला सांगून आम्ही त्यांना नेलं. मार्थाबाईही आल्या, उशा घेऊन. बांधावरच्या कडुलिंबाखाली बाज टाकली. मळणी यंत्र चालू होतं, धुळीचा नुसता लोट, आणि त्या लोटातून दाण्यांची पिवळी धार पोत्यात पडत होती. मास्तरांनी ओंजळभर सोयाबीन आणून सुमनबाईंच्या डाव्या हातात ओतलं. दाणे गरम होते, यंत्रातून नुकतेच आलेले. त्यांनी मूठ मिटली. परत येईपर्यंत उघडली नाही. मास्तर चार वेळा काहीतरी विचारता विचारता थांबले. मी मोजत होते.

त्या शनिवारी मी उपदेश लिहून ठेवला आणि संध्याकाळी वाट बघत बसले. मास्तर आले नाहीत. शेवटी मीच कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. ते अंगणात पोती रचत होते. उद्या हंगामाचा रविवार होता, नव्या पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्याचा. सगळं गाव येणार होतं. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला पण घेतला नाही.

“उद्या तुमी बोला, पाळकबाई.”

मी अडकेन, मी म्हटलं. हे म्हणतानाही अडकले.

“आमी थांबू,” मास्तर म्हणाले.

सुमनबाई पुढं चार वर्षं जगल्या. शब्द फार वाढले नाहीत, वीस-पंचवीस असतील, पण ते त्यांचे होते. दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन पेरल्यावर लगेच, त्या गेल्या. मास्तर आता काळा चहा पितात, बिनसाखरेचा. तसा सुमनबाईंना हवा होता हे कळायला आणखी एक वर्ष गेलं होतं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. माझं बोलणं मात्र नीट कळतं म्हणतात. मी हळू बोलते ना, म्हणून. माझे वडील एकदा इथं येऊन गेले. पहिल्या बाकावर बसले होते. मी अडले तेव्हा त्यांचे ओठ हलले, आणि मग त्यांनी आपला हात आपल्याच तोंडावर ठेवला. मी ते वरून बघितलं आणि त्या दिवशी दोनदा अडले.

अडणं गेलेलं नाही. लोक विचारतात, आता सुधारलं का. नाही सुधारलं. आता मी फक्त वळसे घालत नाही.

त्या हंगामाच्या रविवारी देऊळ भरलं होतं. वेदीपाशी सोयाबीनच्या जुड्या, भोपळे, एक पाय बांधलेली कोंबडी, मार्थाबाईंनी आणलेली सीताफळं. सुमनबाईंना मास्तरांनी चाकाच्या खुर्चीवरून आणून पुढं, मधल्या वाटेत बसवलं होतं. मी उभी राहिले. दाणे आणि भूस यावर बोलायचं होतं. शास्त्रात भूस म्हणजे टाकाऊ, वाऱ्यावर उडवायचं आणि आगीत घालायचं. कागदावर मी ‘भूस’च लिहिलं होतं, सोपा शब्द. पण समोर बसलेल्या एकाही माणसाच्या घरात भूस नव्हतं. त्यांच्याकडं जे होतं, मळणीनंतर उरतं आणि गाईगुरांसाठी वर्षभर साठवून ठेवतात, त्याचं इथलं नाव वेगळं आहे. तेच म्हणायचं मी उभ्या उभ्या ठरवलं. आपण मात्र, असं म्हणून मी त्या शब्दाशी गेले आणि दार लागलं.

सगळ्यांना शब्द माहीत होता. शेतकऱ्यांची मंडळी. तो हवेत असा टांगलेला होता की कोणीही हात वर करून काढून द्यावा. मागच्या बाकावरून एका पुरुषानं, चांगल्या मनानंच, तो म्हणायला सुरुवात केली.

सुमनबाईंनी डावा हात वर केला. मागं वळून त्यांना बघता येत नव्हतं. तळहात उघडा, बोटं जुळलेली, तसाच उंच धरून ठेवला. मागचा आवाज तिथंच थांबला. पंखा फिरत होता. कोंबडीनं पंख झटकले. बाहेर रस्त्यावर मळणी यंत्राचा ट्रॅक्टर उभा होता, त्याचा मालक उपासना संपायची वाट बघत होता, कारण त्या दिवशी आमच्यातल्याच तिघांची पाळी होती. हात खाली आला नाही. मास्तरांनी हळूच आपला हात त्या कोपराखाली धरला, वजन घ्यायला.

“कुटार,” मी म्हटलं. “कुटार आपण जाळत नाही. गाईसाठी ठेवतो.”

मग हात खाली आला, आणि मी पुढचं बोलू लागले. मास्तरांनी तो उपदेश वीस मिनिटांत वाचून संपवला असता. मला सव्वा तास लागला. ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी आतलं कोणी उठलं नाही.